इंझोरीच्या वाटेवरची आडनावे



कारंज्याहून मानोऱ्याकडे निघालात की वाटेत इंझोरी लागते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव. दोन्ही अंगांना काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, कुठे कपाशी. पुढे पाण्याची सोय असेल तिथे हरभरा आणि गहू. प्रवाशाने मुद्दाम उतरून पाहावे असा किल्ला किंवा लेणे येथे नाही. तरी एकदा उतरा आणि पारावर घटकाभर बसा. कुणीतरी म्हातारा माणूस जवळ सरकेल आणि विचारील, “कोनत्या गावचे जी तुम्ही?” तुम्ही गाव सांगितले की लगेच दुसरा प्रश्न येईल, “अन् आडनाव काय?”

या दोन प्रश्नांना चौकशी समजून रागावू नका. आपल्याकडे माणसाची ओळख पटवण्याची ही जुनी रीत आहे. गाव कळले, आडनाव कळले की सोयरीक, भाऊबंदकी, पाहुणपण सगळे उलगडते. मी शेतीखात्याचा माणूस. बियाणे वाटपाच्या, पीक प्रात्यक्षिकांच्या, अनुदानाच्या याद्या वाचण्यात नोकरीची वर्षे गेली. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावाची यादी हाती घ्या. पाटील, देशमुख, राऊत, ठाकरे, इंगोले, वानखडे, राठोड, चव्हाण, आडे, जयस्वाल अशी नावे एकाखाली एक दिसतील. नुसती यादी म्हणून वाचली तर पाच मिनिटांत संपते. विचार करून वाचली तर वऱ्हाडचा चारशे वर्षांचा इतिहास तिच्यात सापडतो.

गाव सुटले की गाव नावाला चिकटते

सुरुवात ‘कर’ने संपणाऱ्या आडनावांपासून करू. कारंजकर, दारव्हेकर, मंगरुळकर, पुसदकर, अकोलकर. ऐकताक्षणी वाटते, हे त्या त्या गावचे लोक. पण थोडा विचार करा. इंझोरीत सगळेच इंझोरीचे. तेथे एखाद्याला ‘इंझोरीकर’ म्हणून ओळख कशी पटणार? तो माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला, की तिथले लोक म्हणतात, हा इंझोरीचा, हा इंझोरीकर. म्हणजे गावाचे नाव आडनावाला लागते ते बहुधा गाव सोडल्यावर. ज्या घराचे आडनाव गावाचे आहे, त्या घराचा कोणीतरी पूर्वज कधीतरी बैलगाडीत संसार घालून निघाला होता, एवढे नक्की समजावे. दुष्काळ असेल, भाऊबंदकी असेल, सासुरवाडीची जमीन असेल, पेशा असेल. कारण विसरले गेले, पण गाव नावात राहिले.

आपल्या गाडगेबाबांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म शेंडगावात आणि आडनाव जानोरकर! पुढे हातातल्या मातीच्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबाबा केले आणि तेच नाव जगाच्या तोंडी राहिले. गावावरून पडलेले एक नाव आणि लोकांनी प्रेमाने दिलेले दुसरे, अशी दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत पाहायला मिळतात.

मात्र प्रत्येक ‘कर’ गावाचा नसतो. मानकर म्हणजे मान असणारा. त्यात गाव शोधू नये.

आता याच्या उलटही पाहा. आपल्या भागात गावेही माणसांची नावे लावतात. मानोरा तालुक्यात शेंदुरजना आढाव आहे. तिकडे वरुडकडे शेंदुरजना घाट आहे. एकाच नावाची गावे अनेक, मग ओळखायची कशी? एका गावाने आढाव हे आडनाव लावले, दुसऱ्याने घाट लावला. मंगरूळचेही तसेच. आपले मंगरूळपीर पिराच्या नावाचे, अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा. कारंज्याला लाड लोकांवरून कारंजा लाड म्हणतात. गावापुढचे बुद्रुक आणि खुर्द हे फारसी शब्द, थोरले आणि धाकटे एवढाच त्यांचा अर्थ. माणसाने गावाचे नाव घेतले आणि गावाने माणसाचे, अशी ही देवाणघेवाण आहे.

कामाची आणि मानाची आडनावे

जुन्या काळी कागदोपत्री आडनाव लिहिण्याची सक्ती नव्हती. वऱ्हाडातले जुने कागद पाहिलेत तर ‘रामजी वल्द सखाराम’ अशी नोंद दिसेल. पुढे जात आणि साकीन, म्हणजे राहण्याचे गाव. बाईची नोंद ‘जौजे’ म्हणून, म्हणजे अमक्याची बायको. वल्द, जौजे, साकीन हे शब्द मराठी मातीतले नव्हेत. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे गेले. १७२४ साली बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला लढाई झाली, त्यानंतर निजामाचा अंमल बसला. १८५३ साली कारभार इंग्रजांच्या हाती आला. राज्ये बदलली, पण दफ्तराची भाषा जमिनीच्या कागदात टिकून राहिली.

या राज्यांत गावाचा वसूल पाटील पाही, परगण्याचा कारभार देशमुखाकडे आणि हिशेब देशपांड्यांकडे असे. ही कामे वंशपरंपरेची. बापाचे काम लेकाला मिळे आणि कामाचे नावच घराण्याचे आडनाव होऊन बसे. मूळ आडनाव मागे पडे. डॉ. पंजाबराव देशमुखांचे घराणे मूळचे कदम. देशमुखी आली आणि देशमुख हेच नाव झाले. १८९८ साली पापळला जन्मलेले हे शेतकऱ्याचे पोर देशाचे कृषिमंत्री झाले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव लाभले. कदम हे आडनाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता देशमुखीचा कारभार नाही. महसुली पाटिलकी १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कायद्याने संपली आणि आजचा पोलीस पाटील १९६७च्या कायद्याने नेमला जातो. काम गेले तरी नाव राहिले. म्हणून एखादा देशमुख दोन एकरांचा धनी असतो आणि एखादा पाटील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो. आडनावावरून घरची धान्याची कोठी किती मोठी, हे कधी ठरवू नये. शिवाय वऱ्हाडात देशमुख कुणबी-मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. वतन ज्याच्याकडे होते त्याचे ते नाव.

शेतीतली आडनावे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगता येतील. कापसे, कणसे, नांगरे, ढगे, ढोरे, गव्हाणे, भुसारी. भुसार म्हणजे धान्य, त्याचा व्यापार करणारा तो भुसारी. पण गव्हाणे हे गुरांच्या गव्हाणीवरून पडले की गव्हाण नावाच्या गावावरून? प्रत्येक घराचे उत्तर वेगळे असू शकते. नुसत्या शब्दावरून अर्थ लावायची घाई करू नका. आधी घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

बैलांच्या पाठीवरून आलेली नावे

इंझोरीहून पुढे मानोऱ्याकडे आणि तेथून पोहरादेवीकडे जाऊ लागलात की तांडे लागतात. येथे यादीतली आडनावे बदलतात. राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे. ही बंजारा समाजाची नावे आणि त्यांच्यामागे मोठा प्रवास आहे.

रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते, तेव्हा मीठ आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्याचे काम बंजाऱ्यांच्या बैलांनी केले. लवण म्हणजे मीठ, त्यावरून लमाण हा शब्द आला असे सांगतात. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांना दाणागोटा पुरवणारे भंगी आणि जंगी हे राठोड नाईक बंजाऱ्यांच्या परंपरेत प्रसिद्ध आहेत. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या समाजाची माहिती लिहून ठेवली होती. ती १८८२ साली पुन्हा छापली गेली. तोवर दिवस पालटले होते. १८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली होती. शेकडो बैलांचा माल एका गाडीत मावू लागला. बैलांवरचा व्यापार बसला आणि तांडे हळूहळू शेतीला लागले. तांडा म्हणजे मुळात चालता काफिला. तो थांबला, तरी वस्तीचे नाव तांडाच राहिले.

राठोड, पवार, चव्हाण ही त्यांची मोठी गोत्रे. महाराष्ट्रात गोत्राचे नाव आडनाव म्हणून लागले. तेलंगणात याच समाजाची माणसे गोत्राच्या आतली शाखा आडनाव म्हणून लावतात. तिकडे भुक्या, बाणोत, धारावत, अजमेरा अशी आडनावे ऐकू येतात. रामनवमीला पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातून लोक येतात. आडनावे वेगळी, शेजारच्या राज्याची भाषा वेगळी, पण दोन म्हाताऱ्या बायका गोरमाटी बोलीत बोलायला लागल्या की गोत्र कळते आणि नाते लागते. एका गोत्रात सोयरीक होत नाही, म्हणून गोत्र माहीत असणे ही तेथे रोजची गरज आहे.

तांड्याचा प्रमुख तो नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुली गावच्या नाईक घराण्याचे गोत्र राठोड. नाईकपण घरात होते म्हणून नाईक हे आडनाव झाले. पाटलाचे जसे पाटील, तसेच हे. याच घरात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. १९६३ ते १९७५ एवढा प्रदीर्घ काळ ते मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस आपण कृषिदिन म्हणून पाळतो. आपला वाशीम जिल्हाही अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलैलाच, १९९८ साली.

वसंतरावांच्या आधी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री होते, तेही विदर्भातले, चंद्रपूरकडचे. त्यांच्या नावातला ‘वार’ पाहा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे मुत्तेमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी आडनावे पुष्कळ. हा ‘वार’ तेलुगूतला ‘वारु’, म्हणजे त्या घरची माणसे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, आडनावाने मात्र तेलुगू मुलखाशी असलेले जुने नाते जपले आहे. त्याच बाजूला मडावी, आत्राम, उईके, कुमरे ही गोंडांची नावे. त्यांच्यात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची विभागणी आहे आणि एका विभागात लग्न होत नाही. बाजारपेठेत राठी, मुंदडा, लाहोटी ही राजस्थानातून व्यापाराला आलेली माहेश्वरी घरे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पांढऱ्या सोन्याच्या ओढीने वऱ्हाडच्या पेठा वाढल्या. परदेशातल्या लढाईमुळे आपल्या बाजारातल्या दुकानांवर नवी आडनावे आली!

एक आडनाव, अनेक घरे

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पवार हे नाव घ्या. पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत. जाधव, चव्हाण यांचेही तसेच. इंगोले, वानखडे, राऊत ही नावेही वऱ्हाडात एकाहून अधिक समाजांत आढळतात. तेव्हा आडनाव ऐकून मनात जातीचा शिक्का मारणे हे अडाणीपणाचे आहे. त्यातून चूक होते आणि मनेही दुखावतात.

आपल्या बियाण्यांचे उदाहरण देतो. सोयाबीनच्या जेएस ३३५ या वाणातल्या जेएसचा अर्थ जवाहर सोयाबीन. हे वाण जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचे. पीकेव्ही म्हटले की पंजाबराव कृषी विद्यापीठ, म्हणजे आपले अकोला. पिशवीवरच्या नावावरून वाण कुठून आले ते कळते. पण उगवण किती होईल, शेंगा किती धरतील, हे नावावरून कळत नाही. त्यासाठी उगवणशक्ती तपासावी लागते, मशागत करावी लागते. माणसाचेही असेच आहे. आडनाव पूर्वजांची वाट सांगते. माणूस कसा, ते त्याच्या वागण्यातूनच कळते.

एका अक्षराची किंमत

तुम्ही म्हणाल, हा इतिहास ठीक आहे, पण आम्हा शेतकऱ्यांना याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो रोकडा आहे.

एका गावातली गोष्ट सांगतो. दोघे सख्खे भाऊ. आजोबा पाटिलकी करीत. थोरल्याचे नाव शाळेत घातले तेव्हा पाटील लागले, धाकट्याचे मूळ आडनाव लागले. वडील होते तोवर काही अडले नाही. वडील गेले आणि वारस नोंदीची वेळ आली. कागदावर दोघे दोन घरांचे दिसू लागले. एक बाप, एक घर, एक चूल हे सगळ्या गावाला ठाऊक, पण कागदाला कोण सांगणार? प्रतिज्ञापत्रे झाली, पंचांचे जबाब झाले, खेटे झाले. तेवढ्यात पेरणीचा हंगाम आला आणि पीककर्ज वेळेवर हाती पडले नाही. बियाणे उधारीवर घ्यावे लागले.

अशी घरे पुष्कळ आहेत. कुठे वानखडे आणि वानखेडे असा फरक. कुठे आधीचे नाव इंग्रजीत लिहिले गेले आणि ते पुन्हा मराठीत आणताना आडेचे अडे झाले, डहाकेचे दहाके झाले. आता शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळवून पाहतात. जुळले नाही की काम थांबते. जातीच्या दाखल्याचेही तेच. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. तो पुरावा आजोबा-पणजोबांच्या नावाचा असतो. त्या काळी आडनाव लावले होते की नाही, कोणते लावले होते, हे घरात कुणाला सांगता आले नाही, तर शिकलेल्या पोराची संधी हुकते.

म्हणून पुढील कामे सवडीने पण नक्की करा.

पहिले, घरातल्या सगळ्यांचे आधार, सातबारा, आठ-अ, बँकेचे पासबुक आणि शाळेचा दाखला एकत्र मांडून नावे अक्षरशः ताडून पाहा. पेरणीच्या तोंडावर नको, उन्हाळ्यात पाहा.

दुसरे, सातबाऱ्यावर लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. आडनावच बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, आधी विचारून घ्या.

तिसरे, जुन्या नोंदी शोधा. जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, तहसिलीतला जुना अधिकार अभिलेख, यांच्या नकला काढून ठेवा. घरचे कोणी पूर्वी नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन आले असेल, तर तेथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावासह पूर्वजांची नावे सापडू शकतात. भाट किंवा ढाडी घरी येत असतील तर त्यांना रिकाम्या हाती पाठवू नका. त्यांच्याकडून वंशावळ लिहून घ्या.

आजीचे आडनाव

एक शेवटचा प्रश्न, आणि तो खास घरातल्या वाचकांसाठी. तुमच्या आजीचे माहेरचे आडनाव सांगता येईल? पणजीचे? बहुतेक घरांत येथे गाडी अडते. बाई लग्न होऊन आली की तिचे आडनाव उंबरठ्याबाहेर राहिले. जुन्या कागदात तर ती नुसती ‘जौजे अमुक’. खरे तर तिने माहेराहून वाणांचे बी आणले, गाणी आणली, पापड-कुरडयांची रीत आणली. निम्मे घर तिचे, पण वंशावळीत ती नाही. आता थोडा फरक पडू लागला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि नंतर आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत ठरला आहे. नातवंडांच्या नावात आईचे नाव येईल. मागच्या पिढ्यांच्या आयांची नावे मात्र आपणच लिहून ठेवायला हवीत.

त्यासाठी शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर मूळ गाव, कुलदैवत, आडनाव आणि ते कशावरून पडले याची घरातली गोष्ट लिहा. पुढे एकेका पिढीला एक पान द्या. पुरुषांची नावे आणि त्यांच्याशेजारी बायकांची नावे, माहेरच्या गाव-आडनावांसकट. शेतांची नावेही लिहा, कारण गट नंबर आल्यापासून तीही विसरली जात आहेत.

अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. तेव्हा घरातली म्हातारी माणसे एकेक नाव आठवून सांगतात. या वर्षी त्यांच्याशेजारी वही-पेन घेऊन एका शिकत्या पोरीला बसवा. ती विचारील आणि लिहून घेईल. घरच्या म्हाताऱ्यांना आज जी नावे आठवतात, ती पुढल्या वर्षी सांगायला कोण असेल, हे सांगता येत नाही.